पाणी निवळताना

पाणी गढूळ करता येते. निवळते मात्र ते आपले आपणच. मराठी भाषेने या दोन क्रियांमधला भेद चांगला सांभाळलेला आहे. गढूळ करणारा कर्ता नेहमी सापडतो. म्हैस डोहात उतरते, पोरे ओढ्यात धुडगूस घालतात, पहिला पाऊस डोंगरावरची माती नदीत आणून ओततो. निवळण्याला असा कर्ता नसतो. आभाळ निवळते, दुखरे डोळे निवळतात, दोन घरांमधला गैरसमज निवळतो. ‘अमक्याने निवळवले’ असे म्हणण्याची वेळ आलीच, तर ते क्रियापद जिभेवर थोडे अडखळते. तुरटी फिरवणारा हातदेखील पाणी निवळवीत नाही. मातीच्या सूक्ष्म कणांना एकत्र येऊन खाली बसण्याचे तो केवळ निमित्त पुरवतो. निवळीच्या बीचेही तेच. माठाला आतून ही बी उगाळून लावली की गाळ तळाशी बसतो, ही गोष्ट या देशाला इतकी जुनी ठाऊक आहे, की मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तिचा दृष्टांत आला आहे. या झाडाचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा त्याचा आशय.

पण हे सारे मातीने गढुळलेल्या पाण्याविषयी झाले. जे पाणी मातीमुळे नव्हे, तर त्यातल्या जिवंतपणामुळेच गढूळ होते, त्याचे काय करावे, हा प्रश्न निराळा आहे. काचेच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो केव्हा ना केव्हा पडतोच. पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त मुद्रितशोधकाला तो वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पडला.

घरातले आणि इमारतीतले सगळे त्यांना आप्पा म्हणत. खिळ्यांच्या छपाईच्या काळात त्यांनी या धंद्यात पाऊल टाकले आणि संगणकावर जुळणी होऊ लागल्यावरही पुष्कळ वर्षे ते टिकून राहिले. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना वाचावी लागत नसे. ती डोळ्यांत कुसळासारखी खुपे. आपल्या हाताखालून गेलेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावे लागू नये, एवढीच त्यांची व्यावसायिक महत्त्वाकांक्षा होती आणि ती बहुतांशी पुरी झाली होती. अशा माणसाच्या घरी, एका मे महिन्यात, बारा वर्षांच्या नातीची माशांची टाकी आली. तिच्या वडिलांची बदली बंगळूरला झाली होती. सामानाच्या मालमोटारीतून मासे जाणार नव्हते, म्हणून ते दिवाळीपर्यंत आजोबांकडे राहावेत असे ठरले. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी, म्हणजे सुमारे छप्पन्न लिटर पाणी. तळाशी खडी, एका कोपऱ्यात हवेवर चालणारा स्पंजाचा गाळक, मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाच्या फितीसारख्या लांब पानांचे दाट रान, आणि त्या रानापुढे नऊ गप्पी मासे. नऊही नर, प्रत्येकाच्या शेपटीची नक्षी वेगळी. नातीला ते नऊही शेपटीवरून ओळखू येत.

कोथरूडच्या घरात दोन वर्षे या टाकीचे पाणी इतके नितळ होते, की आत पाणी आहे याचा विसर पडावा. नारायण पेठेत ते तिसऱ्या दिवशी दुधाळ झाले. मासे तेच, झाडे तीच, काच तीच, पाणीही त्याच शहराच्या नळाचे. मग बदलले काय?

बदलले होते ते आप्पांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या सद्भावनेने. दोन वर्षांची टाकी घरात आणायची, तर ती स्वच्छ करूनच आणावी, म्हणून दोघांनी मोरीत बसून ती खडी सात पाण्यांनी धुतली. वर उकळते पाणी ओतले. स्पंज नळाखाली धरून, पिळून पिळून, त्यातून अगदी निर्मळ पाणी येईपर्यंत साफ केला आणि गच्चीवर उन्हात वाळवला. काचेच्या आतल्या अंगाचा बुळबुळीत थर खरवडून काढला. मराठी मध्यमवर्गीय घरात स्वच्छतेची जी कल्पना असते, तिच्याशी या कृतीत कोठेही विसंगती नव्हती. त्या मोरीतून त्या दुपारी काय वाहून गेले, हे कळायला त्यांना पुढे पाच आठवडे लागले.

दुधाळ पाणी दिसताच आप्पांनी मुद्रितशोधक करील तेच केले: चूक दिसली, ती काढली. सगळे पाणी उपसून नळाचे ताजे पाणी भरले. संध्याकाळी टाकी लखलखीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे तळाशी आडवे पडलेले सापडले, आणि तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा दुधाळ झाले. पुन्हा उपसा, पुन्हा ताजे पाणी, पुन्हा स्पंज नळाखाली. “अहो, जरा तुरटी फिरवा की,” असे त्यांच्या पत्नीने सुचवले. त्यांच्या लहानपणी, पावसाळ्यात, स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचे काम त्यांच्याकडेच असे. आप्पांनी खडा आणलाही होता. तो टाकीत पडला नाही, याचे श्रेय सावधपणाला नव्हे, तर त्याच वेळी आलेल्या दूरध्वनीला द्यावे लागेल. नातीचा होता. दर रविवारी ती विचारी, “माझे नऊ जण कसे आहेत?” आप्पा म्हणाले, “मजेत.”

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि त्यातल्या त्यात तशाच शेपट्यांचे दोन गप्पी घेऊन आले. एका ओळीतला एक चुकलेला खिळा चिमट्याने काढून दुसरा बसवावा आणि पान पुन्हा यंत्रावर चढवावे, तसे. कानामात्रेची चूक ज्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही, त्यांना ही बदललेली अक्षरे एका बारा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून सुटतील असे का वाटावे, हे सांगणे कठीण आहे. खोटे बोलताना माणूस समोरच्याला आपल्यापेक्षा कमी वाचणारा समजतो, एवढेच म्हणता येईल.

पुढच्या आठवड्यात आणखी चार मासे गेले. तीन जुने, एक नवा. आणि या वेळी पाणी दुधाळही नव्हते. आदल्याच रात्री बदललेले ते पाणी पुस्तक वाचता येईल इतके स्वच्छ होते. गप्पी हा काही नाजूक मासा नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातून निघालेला हा जीव डासांच्या अळ्या खातो म्हणून माणसाने जगभर पसरवला. आपल्याकडच्या नगरपालिका तो डबक्यांत, हौदांत आणि गटारांतही सोडतात. गटारात तगणारा मासा आप्पांच्या सात पाण्यांनी धुतलेल्या टाकीत मरत होता.

तळमजल्यावर प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. आप्पांनी त्यांना वर बोलावले ते पाचव्या आठवड्यात, आणि तेही पत्नीच्या आग्रहावरून. तोवर पाणी पुन्हा दुधाळ झालेले होते. बाईंनी आधी टाकीला हात लावला नाही. एका साध्या काचेच्या पेल्यात पाणी घेतले, पेल्यामागे पांढरा कागद धरला, मग दिवा मालवून विजेरीचा झोत आडवा टाकून पाहिला. गढूळपणा एकच नसतो, असे त्यांचे म्हणणे. खडीची धूळ असेल तर ती कणाकणाने दिसते आणि रात्रभरात खाली बसते. पाण्याला हिरवी झाक असेल तर ती तरंगत्या एकपेशीय शेवाळाची. खिडकीतले ऊन हा तिचा पहिला संशयित, आणि टाकी तीन-चार दिवस अंधारात ठेवणे हा पाणी बदलण्यापेक्षा चांगला उपाय. चहासारखा रंग आला तर तो टाकीतल्या लाकडाचा. तो गढूळपणाच नव्हे, आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. आप्पांच्या पेल्यातले पाणी या तिन्हींपैकी कशातच बसत नव्हते. ते एकसंध पांढरट होते, धुके पडल्यासारखे, आणि खाली बसायला तयार नव्हते. ते सूक्ष्म जिवाणूंचे धुके होते.

त्यानंतर बाईंनी परीक्षानळीत पाणी घेऊन रसायनाचे काही थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते ते पाणी पाच मिनिटांत हिरवे झाले. पाण्यात अमोनिया होता. मासे तो सतत, मुख्यतः कल्ल्यांवाटे, सोडत असतात. सडणारी पाने आणि न खाल्लेले अन्न त्यात भर घालतात. अमोनियाला रंग नाही. माशांना घातक ठरणाऱ्या अल्प प्रमाणात त्याचा वासही येत नाही. पाणी जितके उबदार आणि अल्कधर्मी, तितका त्याचा अधिक वाटा विषारी रूपात राहतो. आणि पुण्याचा मे महिना काही थंड नसतो. म्हणजे चार मासे ज्या रात्री गेले त्या रात्रीचे पाणी नितळ होते, एवढेच खरे. ‘नितळ’ हा डोळ्याचा शब्द आहे. शुद्ध असण्याशी त्याचा संबंध आपण गृहीत धरतो. माशाला तो धरता येत नाही.

“आप्पा, या टाकीत जे जिवंत होतं, त्यातले मासे आणि झाडं तेवढी तुम्ही ठेवलीत,” बाई म्हणाल्या. “बाकीचं मोरीत गेलं.”

हे बाकीचे म्हणजे खडीच्या प्रत्येक कणावर, स्पंजाच्या छिद्राछिद्रांत आणि पानांच्या अंगावर दोन वर्षांत वसलेली एक वस्ती होती. तिच्यातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. काही त्या नायट्राइटचे, मानाने निरुपद्रवी असे, नायट्रेट करतात. ते फार सावकाश वाढतात; एकाचे दोन व्हायला त्यांना सुमारे एक दिवस, कधी त्याहून अधिक लागतो. उलट, सडक्या पानांच्या विरघळलेल्या अंशावर जगणारे जे जिवाणू पाणी दुधाळ करतात, त्यांच्यातले कित्येक तासाभराच्या आत दुप्पट होतात. वस्ती उठवली की रिकाम्या जागेत आधी कोण येणार, हे उघड आहे. पहिले चिकटून राहणारे. पाणी उपसल्याने ते जात नाहीत, पण नळाखाली धुतल्याने जातात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते आणि माशांच्या कल्ल्यांनाही ते सोडत नाही. पहिले दोन मासे बहुधा त्या क्लोरीनने गेले असावेत. आप्पा दर खेपेस वस्ती पुन्हा उठवीत होते, आणि दर खेपेस टाकीचा पहिला दिवस नव्याने उजाडत होता.

बाईंची पथ्ये थोडी होती आणि ती बहुतेक नकारार्थी होती. सगळे पाणी बदलायचे नाही. बदलायचे ते चौथा हिस्सा, तेही बादलीत एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडालेले. स्पंज नळाखाली न्यायचा नाही. फारच तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. अन्न एक दिवसाआड, चिमटीभर. पिवळी पाने काढायची. पाणी दुधाळ असेतो ते जिवाणू प्राणवायू खात राहतात, म्हणून हवेचा पंप रात्रीही बंद करायचा नाही. नवा मासा आणायचा नाही. तुरटी तर नकोच. मऊ पाण्याची आम्लता तिने एकदम वाढते, आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. त्यांनी स्वतःच्या जुन्या टाकीतली मूठभर काळपट खडी पंच्याच्या तुकड्यात बांधून आणली आणि स्पंजाजवळ ठेवली. विरजण लावावे तसे, असे आप्पांच्या पत्नी म्हणाल्या. ही उपमा अगदी नेमकी होती.

शेवटी आप्पांच्या हातातली वाटी पाहून बाई हसल्या. झाडांबरोबर आलेल्या आणि मोरीतूनही वाचलेल्या पाणगोगलगायी ते रोज वेचून फेकत असत. “त्यांना राहू द्या. त्यांच्यावर रसायनशास्त्राच्या सभेत निबंध वाचला गेला आहे.”

वाचला गेला होता हे खरे. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या औषधी मंडळाचा रसायनतज्ज्ञ. मे १८४९ मध्ये त्याने बारा गॅलन मापाच्या एका काचेच्या भांड्यात, म्हणजे आप्पांच्या टाकीएवढ्याच मापाच्या, दोन लहान सोनमासे आणि एक वनस्पती ठेवली. वनस्पती होती व्हॅलिस्नेरिया. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायॉक्साइड देतील आणि पाणी न बदलता दोघेही जगतील, असा त्याचा हिशेब होता. काही दिवस हिशेब जुळला. मग व्हॅलिस्नेरियाची पाने पिवळी पडून कुजू लागली, पाणी गढूळ झाले, पृष्ठभागावर आणि काचेवर बुळबुळीत थर धरला, मासे संकटात आले. वॉरिंग्टनने पाणी बदलून सुटका करून घेतली असती तर तो प्रयोग तेथेच संपला असता. आपल्या हिशेबात कोण राहून गेले, असा प्रश्न त्याने विचारला. तळ्यांमध्ये कुजकी पाने असतात, तरी तळी अशी बिघडत नाहीत. तेथे ती पाने कोण खाते? त्याने पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाऊन टाकला, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. मार्च १८५० मध्ये त्याने हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरोघरच्या जलजीवालयांची जी लाट पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये उसळली, तिच्या मुळाशी जे थोडे लेख होते, त्यांत हा एक महत्त्वाचा.

यातला अधिक मनोज्ञ भाग पुढच्या पिढीचा आहे. त्या वेळी वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, दहा-अकरा वर्षांचा होता. तो पुढे शेतीरसायनाचा अभ्यासक झाला आणि रॉथमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रावर अमोनियाचे नायट्रेट कसे होते याच प्रश्नाच्या मागे लागला. पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये वाळू आणि चुनखडीच्या थरातून मैलापाणी सावकाश झिरपवून दाखवले होते. वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. म्हणजे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वसलेल्या कोणा जिवंताचे होते, आणि त्याला वसायला वीस दिवस लागले होते. धाकट्या वॉरिंग्टनने हे काम दोन टप्प्यांत आणि दोन निरनिराळ्या जिवांकडून होते, हे दाखवले. मात्र त्यांना शुद्ध रूपात वेगळे करणे त्याला साधले नाही. ते झ्युरिकमध्ये सेर्गेई विनोग्राडस्कीला १८९० मध्ये साधले. बाकीच्यांनी या जिवांना जिलेटिनच्या सकस थरावर वाढवून पाहिले होते. अशा पौष्टिक अन्नावर ते वाढतच नाहीत, हे त्याला उमगले. बापाने गोगलगाय आणून जे निभावले, त्याच्या तळाशी जे अदृश्य होते त्याच्या मागे मुलाचे आयुष्य गेले; आणि शोध अजून संपलेला नाही. हे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जिवाणू असतो, हे २०१५ मध्ये कळले.

आप्पांना ही कथा बाईंनी सांगितली तेव्हा त्यांच्या मनात राहिला तो वीस दिवसांचा आकडा. त्यांनी प्रुफांच्या जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, पाणी, अमोनिया, मासे. काही न करण्याची नोंद ठेवणे ही त्यांच्यासारख्या माणसाला एक मोठी शिक्षा होती. सहाव्या दिवशीही पाणी दुधाळ होते. आप्पा बादलीपाशी जाऊन परत आले, अशी नोंदच आहे. नवव्या दिवशी मागची पाने धूसर दिसू लागली. अकराव्या दिवशी सकाळी पाणी निवळलेले होते. रात्रीत केव्हा निवळले ते कोणी पाहिले नाही. परीक्षानळी मात्र अजून हिरवी होत होती. वहीत ‘पाणी स्वच्छ’ असे लिहून त्यांनी ते खोडले आणि ‘पाणी नितळ’ असे केले. नळी पिवळी राहिली ती चोविसाव्या दिवशी. मग आणखी काही दिवस नायट्राइट वर चढून उतरले. जुलैच्या अखेरीस व्हॅलिस्नेरियाने खडीतून नवे धुमारे सोडले होते. पाण्यातल्या वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, नायट्रेटपेक्षा पसंतीने घेतात. त्यामुळे रुजलेले रान हा टाकीचा दुसरा गाळकच असतो. पाच मासे उरले होते. चार जुने, एक दुकानातला.

आणि दर रविवारी ती विचारीत होती, आणि आप्पा ‘मजेत’ म्हणत होते.

ऑगस्टमध्ये त्यांनी पत्र लिहिले. दूरध्वनीवर सांगता आले असते. पण जन्मभर कागदावर चुका दुरुस्त केलेल्या माणसाला तोंडी दुरुस्ती विश्वासार्ह वाटत नसावी. पत्राला मायना होता, त्याखाली मधोमध ‘शुद्धिपत्र’ असे शीर्षक होते आणि खाली दोन रकाने, अशुद्ध आणि शुद्ध. ‘नऊ मासे मजेत आहेत’ याच्या समोर ‘तुझे चार मासे आहेत’. ‘पाणी छान आहे’ याच्या समोर मे आणि जूनमधल्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे गेलेल्या माशाच्या शेपटीचे वर्णन: निळी, काळ्या ठिपक्यांची, लाल, खालचा काठ फाटलेला. पाच जुने होते, सहावा नवा; त्याचीही नोंद होती. शेवटी एक ओळ, ती कोणत्याच रकान्यात नव्हती: दोष माशांचा नव्हता, मी खडी धुतली. पत्र पेटीत टाकून घरी आल्यावर ते बराच वेळ टाकीसमोर बसले होते, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

पुढचे दोन रविवार दूरध्वनी आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. तिने माशांबद्दल काही विचारले नाही. शाळेचे सांगितले, बंगळूरच्या पावसाचे सांगितले.

दिवाळीत ती आली तेव्हा पत्र तिच्या पिशवीत होते, घड्या पडून मऊ झालेले. पायांतली चप्पल न काढताच ती टाकीसमोर जाऊन उभी राहिली. पाणी नितळ होते, पण तिकडे तिचे लक्ष नव्हते. बोट काचेवर टेकवून तिने मोजले. चार झाल्यावर पाचव्यापाशी बोट थांबले. “हा आपला नाही,” ती म्हणाली. आप्पा “नाही,” म्हणाले. बाकीचे कुठे ठेवले, असे तिने विचारले. त्यांनी गच्चीवरच्या जास्वंदीची कुंडी सांगितली. ती वर जाऊन आली. आल्यावर पुन्हा काचेला नाक लावून बसली. व्हॅलिस्नेरियाच्या एका पानाच्या मागच्या अंगाला पारदर्शक चिकाची एक लांबोडी वळकटी चिकटलेली होती. हे काय आहे, असे तिने विचारले. आप्पांनी मेजाच्या खणातून प्रुफे तपासायचे भिंग काढले आणि तिच्या हातात दिले. तिने ते काचेवर धरले, पुढेमागे केले, मग स्थिर केले. चिकात अंडी होती आणि अंड्यांत मोहरीहून लहान गोगलगायी.

“आप्पा, फिरतायत,” ती म्हणाली. “आतल्या आत गोल फिरतायत.”

त्यांनी भिंगासाठी हात पुढे केला. तिने ते लगेच दिले नाही.